राखणदार, निर्वासित आणि विश्वभक्षक : अंतराळातल्या चित्रकथा प्रथमच वाचणाऱ्यासाठी

वार्षिक व्याख्यानमालेचे पुस्तक हाती घेताना आपण एखादा ताम्रपट, एखादा संतकवी किंवा एखाद्या देवस्थानाचा इतिहास अपेक्षित धरता. आजचा विषय त्या रांगेत सहज बसणारा नाही. अमेरिकेत छापल्या जाणाऱ्या, ग्रह गिळणाऱ्या महाकाय शक्तींच्या आणि अंतराळात झुंजणाऱ्या महानायकांच्या चित्रकथा, म्हणजे आपली नातवंडे ज्यांना कॉमिक्स म्हणतात त्या, उतारवयात प्रथमच हाती घेणाऱ्याने कशा वाचाव्यात, हा तो विषय. तरीही हा इतिहासाचाच लेख आहे. त्या कथा कुठून आल्या, आपल्यापर्यंत त्यांतल्या कोणत्या पोहोचल्या आणि कोणत्या वाटेतच राहिल्या, हे पाहिल्याशिवाय त्या नीट वाचता येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

निमित्त घरगुती आहे. चवथीला नात वास्कोच्या घरी आली होती. परत जाताना चार जाडजूड पुस्तके माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी वाचा, मग आपण बोलू." पहिल्या दोन रात्री मला काही म्हणता काही कळले नाही. कोण कुणाचा वैरी, कोण कधी मेला आणि परत कसा आला, पान डावीकडून वाचायचे की वरून खाली, सगळाच गोंधळ. पुस्तक मिटून ठेवणार होतो. मग लक्षात आले की आपण हे पुस्तक कादंबरीसारखे वाचतो आहोत, आणि चूक तिथेच आहे. कादंबरी आपल्याकडे उशिरा आली. त्याआधी शेकडो वर्षे आपण गोष्ट ज्या पद्धतीने ऐकत आणि पाहत आलो, ती पद्धत या पुस्तकांना अधिक जवळची आहे.

पेडणे महालापासून पिंगुळी फार दूर नाही. कुडाळजवळचे हे गाव चित्रकथीसाठी प्रसिद्ध आहे. तिथले ठाकर समाजाचे कलावंत कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक समोर धरून, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्याने सांगत आले. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. या कलेला सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता, आणि १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत पेडणेही त्याच सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होते. म्हणजे सरहद्दीची रेघ पुढे पडली. गोष्ट पाहणारे लोक दोन्ही बाजूंना एकच होते. २०२१ साली पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना ही कला अजून जिवंत असल्याचे नव्याने कळले.

चित्रकथीच्या पोथीत आणि कॉमिक्समध्ये मोठा फरक आहे, तो विसरून चालणार नाही. पोथीत चित्र थांबलेले असते आणि शब्द कथेकऱ्याच्या तोंडी असतात. कॉमिक्समध्ये कथेकरी नाही. त्याचे काम चौकटी आणि संवादाचे फुगे करतात. दोन चौकटींच्या मधली कोरी पट्टी हीच कथेकऱ्याची श्वास घेण्याची जागा समजा. एका चौकटीत मूठ उगारलेली असते आणि पुढच्या चौकटीत भिंत कोसळलेली असते. मधला तडाखा वाचकाने मनात घालायचा असतो. नवख्या वाचकाने एवढे ध्यानात ठेवले आणि प्रत्येक पानावर आधी चित्र, मग शब्द असा क्रम ठेवला, की निम्मा त्रास कमी होतो.

उरलेला त्रास 'आधीचे माहीत नाही' हा. त्यावर उतारा पेडण्याच्या जत्रेत आहे. दशावतारी मंडळी रात्री उभी राहतात तेव्हा लिहिलेले नाटक त्यांच्या हाती नसते. आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद रंगमंचावर सुचतील तसे होतात. संकासुर येऊन मालवणीत टोलेबाजी करून जातो, मग मुख्य आख्यान लागते. आपण मध्यरात्री चहा पिऊन परत येऊन बसलो तरी कथा हरवत नाही, कारण पात्रे ओळखीची असतात आणि प्रत्येकाचे ब्रीद ठाऊक असते. कॉमिक्सचे वाचकही असेच मधून येऊन बसणारे असतात. साठ वर्षे दरमहा चालणारी कथा पहिल्या अंकापासून कुणीच वाचत नाही. तेव्हा आरंभ शोधत बसू नका. पात्राचे ब्रीद ओळखा.

मी स्वतः तीन ब्रीदे धरून वाचत गेलो: राखणदार, निर्वासित आणि भक्षक. तिन्ही आपल्या भूमीत नवी नाहीत.

राखणदार आधी. डिचोली महालात आमोणे येथे वेताळाचे देऊळ आहे. गोव्यात इतरत्रही, काणकोणात लोलये येथे, त्याच्या दगडी मूर्ती आहेत: उभा, उग्र, बहुधा वस्त्रहीन. वेताळ रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहायच्या, ही श्रद्धा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असे. पुस्तकातला वेताळ वेगळा. वेताळ पंचविशीतला तो प्रेतात शिरलेला, विक्रम राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा. मुलांचे मासिक 'चांदोबा' मराठीत १९५२ साली निघू लागले, आणि शंकर यांच्या कुंचल्यातला तलवारधारी विक्रम व त्याच्या पाठीवरचे ते प्रेत घराघरांत पोहोचले. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी राजाचे मौन भंगते, वेताळ झाडावर परत जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून. दर महिन्याला न संपणारी गोष्ट वाचण्याचा सराव आपल्याला चांदोबानेच दिला.

मग १९६४ आले. गोवा मुक्त होऊन सव्वादोन वर्षे झाली होती. आदल्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले होते आणि गावोगाव मराठी शाळा उघडत होत्या. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले, इंग्रजीबरोबर मराठीतही. पहिला नायक होता ली फॉकचा फॅण्टम, जो अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १९३६ सालापासून चित्रपट्टीच्या रूपाने येत होता. मराठी मुलाला तो भेटला 'वेताळ' या नावाने.

हे नाव ज्याने दिले त्याचे मला कौतुक वाटते. मूळ कथेत फॅण्टमला चालणारे भूत म्हणतात. तो जंगलात फिरून दुर्बळांचे रक्षण करतो, आणि पिढ्यान् पिढ्या मुलगा बापाची जागा घेत असल्यामुळे लोक त्याला अमर समजतात. रात्री फिरणारा, भय दाखवणारा आणि भल्या माणसाला न छळणारा, हे वर्णन आमोण्याच्या वेताळालाही लागू पडते. माझे वडील मुरगाव बंदरात नोकरीला होते, पण मूळ घर डिचोलीतले. इंद्रजालचा अंक घेऊन गावी गेलो की आजी मुखपृष्ठावरचा तो घट्ट कपड्यांतला, कंबरेला पिस्तुले लावलेला माणूस पाहून विचारी, "ह्याच्या पायांत वहाणा कुठे आहेत?" तिचा प्रश्न बरोबर होता. नाव आमचे होते, वेष परका होता, आणि आम्ही मुले दोन्ही वेताळ विनातक्रार नांदवत होतो.

मुरगावकरांसाठी या कथेत आणखी एक गंमत आहे. पहिला फॅण्टम समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागतो, ती कथेतली तारीख १७ फेब्रुवारी १५३६ आहे. त्या वर्षी तिसवाडीत पोर्तुगीज होते. मुरगाव ज्या साष्टीत मोडत होते ती मात्र अजून आदिलशाहीत होती आणि १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. फॉकने न्यूयॉर्कमध्ये बसून एक काल्पनिक किनारा रचला, पण जहाजे, चाचेगिरी आणि किनाऱ्यावर येऊन पडलेला युरोपी माणूस हा सारा मसाला आपल्याच समुद्रातला. त्यात दोष आहे, तोही सांगायला हवा. जंगलातल्या साऱ्या लोकांचे भले एका गोऱ्या घराण्यानेच करायचे, ही त्या कथेची बैठक आहे. इंद्रजालच्या संपादकांनी भारतीय वाचकासाठी काही नावे बदलली, चाच्यांच्या टोळीचे 'सिंग' हे नावही बदलले. बैठक मात्र तशीच राहिली. ज्या भूमीने साडेचारशे वर्षे परक्या राखणदारांचा अनुभव घेतला तिथल्या वाचकाने हे नजरेआड करू नये.

इंद्रजालमध्ये वेताळानंतर जादूगार मॅण्ड्रेक आला आणि फ्लॅश गॉर्डनही आला. अंतराळाशी आमची पहिली भेट फ्लॅश गॉर्डनने घडवली. ॲलेक्स रेमंडने १९३४ मध्ये निर्मिलेला हा नायक मोंगो नावाच्या ग्रहावर जाऊन मिंग नावाच्या जुलमी सम्राटाशी लढतो. पण नीट पाहिले तर मोंगो हा ग्रह नावापुरता. तिथे राजवाडे आहेत, तलवारी आहेत, राजकन्या आहेत. अंतराळाची खोली, त्यापुढे माणसाचे क्षुल्लकपण, ती जाणीव त्यात नाही.

ती जाणीव देणाऱ्या कथा अमेरिकेत निघू लागल्या होत्या, अगदी आपल्या मुक्तीच्याच वर्षी. 'फॅण्टॅस्टिक फोर'च्या पहिल्या अंकावर नोव्हेंबर १९६१ छापलेले आहे. भारतीय सेना गोव्यात आली ती डिसेंबरात. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये युरी गागारिन पृथ्वीभोवती फेरी मारून आला होता, आणि पुढच्या ऑक्टोबरात क्यूबाच्या प्रश्नावरून दोन महासत्ता अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. आकाश उघडले आणि त्याच आकाशातून सर्वनाश येऊ शकतो हेही कळले. या दोन गोष्टी एका पानावर आणण्याचे काम लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी केले. मग त्या कथा इंद्रजालने मराठीत का आणल्या नाहीत? कारण साधे आहे. फॅण्टम, मॅण्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन हे तिघेही वर्तमानपत्री चित्रपट्ट्यांचे नायक, आणि तिघांचे हक्क किंग फीचर्स या एकाच संस्थेकडे होते. कर्बीचे काम मासिक पुस्तकांत छापले जाई. ते निराळ्या घरचे. १९९० साली सुमारे आठशे अंकांनंतर इंद्रजालच बंद पडले. म्हणून आपल्या पिढीचा मराठी वाचक मोंगो ग्रहावर उतरला तो तिथेच राहिला, आणि त्याची नातवंडे इंग्रजीतून थेट पुढच्या आकाशगंगेत निघून गेली. आजोबा आणि नात यांच्यामध्ये जी रिकामी जागा आहे ती अशी पडली.

आता दुसरे ब्रीद, निर्वासित. १९३८ मध्ये आलेला सुपरमॅन हा नष्ट झालेल्या ग्रहावरून बाळपणीच पाठवला गेलेला मुलगा. त्याला निर्माण करणारे जेरी सीगल आणि ज्यो शुस्टर हे स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले होते. कर्बीचे जन्मनाव जेकब कुर्ट्झबर्ग आणि स्टॅन लीचे स्टॅन्ली लीबर. दोघांचेही आईवडील युरोपातून न्यूयॉर्कला आलेले ज्यू. कर्बी दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर सैनिक म्हणून लढला. म्हणजे ज्यांनी या कथा रचल्या त्यांच्या घरी मागे राहिलेला गाव, बदललेले नाव आणि परत न जाता येणारी वाट ही रोजची गोष्ट होती. नष्ट झालेला ग्रह हे त्यांचे कल्पनारम्य खूळ नव्हते.

मुरगावच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात, मंदिरे पाडली जाण्याच्या काळात, झुआरी ओलांडून अंत्रूज महालात नेण्यात आले. दोन्ही गावे आजच्या मुरगाव तालुक्यात आहेत. आपण आजही पलीकडे जाऊन त्या देवांचे दर्शन घेतो आणि नाव मात्र मूळ गावाचे सांगतो. ज्यांचा कुलदेव एका गावचा आणि देऊळ दुसऱ्या गावी आहे, त्यांना नष्ट ग्रहाची आठवण छातीवर वागवणारा नायक परका वाटण्याचे कारण नाही.

तिसरे ब्रीद भक्षक. नवख्या वाचकाने कुठून आरंभ करावा असे विचाराल तर 'फॅण्टॅस्टिक फोर'चे ४८ ते ५० हे तीन अंक घ्या, मार्च ते मे १९६६ चे. एका मोठ्या रात्रीत वाचून होतात. ४८ व्या अंकाच्या आरंभी तुम्हाला एका आधीच्याच कथेचा शेवट सापडेल. घाबरू नका, ती जाऊ द्या. मग आकाश पेटल्यासारखे दिसते. गॅलॅक्टस नावाचा महाकाय जीव येतो आहे. तो दुष्ट आहे असे कुठे म्हटलेले नाही. त्याला भूक लागते आणि ग्रह हे त्याचे अन्न आहे, इतकेच. त्याच्यापुढे एक दूत धावतो, सिल्व्हर सर्फर. चंदेरी अंगाचा, लाटांवर तरंगायच्या फळीसारख्या फळीवर उभा राहून ताऱ्यांमधून फिरणारा. मालकाला खाण्यायोग्य ग्रह शोधून देणे हे त्याचे काम. पृथ्वी त्याला सापडते. पण पडझडीत तो एका अंध शिल्पकार स्त्रीच्या खोलीत येऊन पडतो. ती त्याच्याशी बोलते, त्याला खायला देते, आणि आजवर ज्यांना तो केवळ अन्न समजत होता ते जीव आहेत हे त्याला प्रथमच कळते. तो मालकाविरुद्ध उभा राहतो. शेवटी गॅलॅक्टसला परतवणारे अस्त्र त्याच्याच यानातून आणले जाते आणि तो निघून जातो. जाताना दूताची ताऱ्यांतून फिरण्याची शक्ती काढून घेऊन त्याला पृथ्वीवर अडकवून ठेवतो. हे सारे ५० व्या अंकाच्या मध्यावरच संपते. उरलेल्या पानांत चौघांतला धाकटा मुलगा कॉलेजात नाव घालायला जातो. जगबुडी टळली, उद्या वर्ग आहे. मला या कथेतले सर्वांत खरे स्थान तेच वाटले.

चित्रांकडेही लक्ष द्या. अंतराळातली शक्ती कशी काढायची, तिला आकार तर नाही? कर्बीने काळ्या ठिपक्यांचे घोस काढले आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत तेज दाखवले. माणसे गच्चीवर मुंगीएवढी काढली. हे पाहताना गीतेच्या अकराव्या अध्यायातला अर्जुन आठवणे साहजिक आहे, आणि बरेच लोक तिथे थांबून 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे म्हणून पुस्तक मिटतात. तसे करू नका. विश्वरूप पाहून अर्जुन घाबरतो आणि पहिले सौम्य रूप परत मागतो, कारण समोरच्याशी त्याचे नाते आहे. गॅलॅक्टसशी माणसाचे नाते नाही. त्याच्याकडे मागण्यासारखे काही नाही, फार तर त्याला अडवता येते. आपल्या पुराणात प्रलयानंतर नवी सृष्टी आहे, कल्पामागून कल्प आहेत आणि कथेच्या शेवटी फलश्रुती आहे. या पुस्तकांत फलश्रुती नाही, कारण पुढच्या महिन्याचा अंक विकायचा असतो. कथा फार गुंतली म्हणजे प्रकाशकच प्रलय घडवतो: १९८५-८६ मध्ये एका कंपनीने बारा अंकांची मालिका काढून आपली समांतर विश्वे नष्ट केली आणि एकच विश्व शिल्लक ठेवले. मन्वंतरे मोजायची सवय असलेल्या वाचकाला हे पचायला जड नाही, मात्र इथे काळाचा स्वामी छापखाना आहे हे ध्यानात असू द्यावे.

पहिले तीन अंक झाले की १९६८ चा 'सिल्व्हर सर्फर'चा पहिला अंक वाचा. जॉन बुसेमाने काढलेल्या त्या अंकात दूताची पूर्वकथा आहे. त्याच्या स्वतःच्या ग्रहावर गॅलॅक्टस आला होता. आपला ग्रह आणि आपली प्रिया वाचावी म्हणून याने सौदा केला: मला नोकर ठेव, मी तुला दुसरे ग्रह शोधून देतो. त्याच्यापुढे जाऊ इच्छिणाऱ्याने जिम स्टार्लिनची १९९१ ची 'इन्फिनिटी गॉन्टलेट' घ्यावी. चुटकीसरशी विश्वातले अर्धे जीव नाहीसे करणाऱ्या थॅनॉसची ती कथा २०१८ च्या चित्रपटामुळे मुलांना पाठ आहे. पण सर्फरपाशी थोडे थांबा, कारण नातीने मला प्रश्न विचारला तो इथलाच.

दिवाळीत ती फोनवर म्हणाली, "आजोबा, सर्फर चांगला की वाईट? त्याने आपले घर वाचवायला दुसऱ्यांची घरे दाखवली ना?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. डिचोलीतल्या आमच्या घराच्या ओट्यावरून नदी दिसे, आणि नदीतून लोहखनिजाने भरलेल्या बार्जी मुरगावकडे जात. मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्यांतून हा माल बंदरात उतरे आणि तिथून जहाजांत चढून मुख्यतः जपानला जाई. १९७९ मध्ये बंदरात खनिज चढवण्याची यांत्रिक व्यवस्था सुरू झाली. वडिलांचा पगार, माझे शिक्षण, वास्कोचे हे घर, हे सारे त्या बंदराने दिले. गावी गेलो की डोंगर थोडा कमी झालेला दिसे. शेतात लाल गाळ येई, विहिरीचे पाणी खाली जाई. आम्ही ते पाहत होतो आणि खनिज कुठून निघते, कुठे जाते, याचा हिशेब घरात मोठ्याने कुणी करत नव्हते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. बार्जी थांबल्या तेव्हा डिचोलीतली ट्रकवाल्यांची घरेही अडचणीत आली. कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. म्हणून या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, हे आपल्याला बाहेरच्या कुणी शिकवण्याची गरज नाही. गॅलॅक्टसची भूक कशी असते आणि दूताची नोकरी कशी असते, हे दोन्ही आपण एकाच घरात पाहिले आहे.

हेच मी तिला सांगितले, मराठीत. आणि सांगताना लक्षात आले की शब्द अडले नाहीत. कृष्णविवर, आकाशगंगा, प्रकाशवर्ष हे शब्द मराठीत रुळलेलेच आहेत, आणि ते गोष्टीत खेळवणारे लेखकही आपल्याकडे झाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले. नावाची आद्याक्षरे उलटी केली होती, इतकेच. प्रलय, कल्प, साक्षी, दूत, शाप हे शब्द पुराणांनी दिले. शीव, राखणदार, गाऱ्हाणे हे गावाने दिले. एवढी शिदोरी असताना, ही पुस्तके मराठीत छापली गेली नाहीत म्हणून ती मराठीत बोलताही येऊ नयेत, असे मुळीच नाही.

तेव्हा, वाचकहो, आपल्या घरी एखादे मूल असे पुस्तक घेऊन बसलेले दिसले तर दोन गोष्टी करून पाहा. एक, ते पुस्तक मागून घ्या आणि पहिले न कळणारे पान त्यालाच समजावून सांगायला लावा, मराठीत. त्याला शब्द सापडला नाही तर तो तुम्ही द्या. दोन, त्यातला राखणदार कोण, घर हरवलेला कोण आणि भुकेला कोण, हे विचारा, आणि मग आपल्या गावातले तिघे कोण तेही सांगा. आमोण्याच्या वेताळाच्या वहाणा का झिजतात, हे माझ्या नातीला ठाऊक नव्हते. तिला ते फार आवडले. पुढच्या चवथीला तिला आमोण्याला घेऊन जाणार आहे. वहाणा तिने स्वतः निवडायच्या, असे ठरले आहे.